आरसा गेला, हिशेब राहिला

माझा भाचा चिंचणीत फोटोग्राफीचा व्यवसाय करतो. डहाणू, वाणगाव, बोईसर भागातली लग्ने, नामकरणे, शाळांची संमेलने यांवर त्याचे घर चालते. आठ वर्षे वापरलेला डीएसएलआर बाजूला ठेवून त्याने गेल्या दिवाळीत हप्त्यावर मिररलेस कॅमेरा घेतला. महिन्याभरात तो रडवेला होऊन माझ्याकडे आला.

झाले असे. हॉलमध्ये लग्न होते. वंदना चालू असताना आवाज नको म्हणून त्याने कॅमेऱ्याचे मूक शटर लावले. घरी येऊन पाहतो तो वधूच्या पांढऱ्या साडीवर आडवे काळे पट्टे! एकमेकांना हार घालतानाचे सगळे फोटो वाया गेले. अर्धे पैसे परत द्यायला तो त्यांच्या घरी गेला, तर वधूची आई म्हणाली, "पैसे घेऊन काय करू बाळा? हाराचा फोटो दे." त्यावर तो काय बोलणार?

दोष कुणाचा, हे समजून घेऊ. डीएसएलआरमध्ये लेन्समागे एक आरसा असतो. तो खरे दृश्य डोळ्यापर्यंत पोहोचवतो आणि बटण दाबले की वर उचलला जातो. मिररलेसमध्ये तो आरसाच नाही. सेन्सरवर पडलेले दृश्य छोट्या पडद्यावर दिसते. मूक शटरमध्ये सेन्सर एकेक ओळ करून चित्र वाचतो. आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे हॉलमधले बरेच एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण ओळीओळीने वाचणाऱ्या सेन्सरवर त्याचे पट्टे उमटतात. अशा वेळी साधे यांत्रिक शटर लावावे आणि वेग १/५० किंवा १/१०० ठेवावा. एवढे आधी माहीत असते तर त्या माऊलीला फोटो मिळाला असता.

दुसरे दुखणे बॅटरीचे. जुन्या कॅमेऱ्यातून नुसते पाहायला वीज जवळजवळ लागत नाही. नव्यात पडदा आणि सेन्सर सतत चालू राहतात. जुन्याच्या एका बॅटरीवर अख्खे लग्न निघायचे, नव्याला तीन लागतात. तिसरे दुखणे फ्लॅशचे. हाताने सेटिंग केले की पडदा काळाकुट्ट दिसतो, कारण फ्लॅशचा उजेड त्याला आधी दाखवता येत नाही. त्यासाठी मेन्यूत जाऊन एक्सपोजरचे पूर्वदर्शन बंद करावे लागते. हे त्याला तिसऱ्या दिवशी कळले!

चौथे दुखणे लेन्सचे. आपल्या चिंचणीत दागिन्यांचे डाय करणारे कारागीर आहेत. डायमध्ये केसभर फरक पडला तर काम बिघडते, हे वेगळे सांगायला नको. लेन्स आणि सेन्सर यांतील अंतराचेही तसेच आहे. कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ माउंटमध्ये हे अंतर ४४ मिलिमीटर, तर २०१८ च्या आरएफमध्ये २० मिलिमीटर. मधले २४ मिलिमीटर भरून काढायला अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागतो. निकॉनचेही तेच. १९५९ च्या एफ माउंटमध्ये ४६.५, नव्या झेडमध्ये १६ मिलिमीटर. म्हणून जुनी लेन्स नव्याला चालवता येते, पण नवी जुन्याला चालत नाही. शिवाय जिच्यात स्वतःची मोटर नाही, अशा जुन्या लेन्सला अ‍ॅडॉप्टर लावूनही बहुधा हातानेच फोकस करावा लागतो. भाच्याच्या आवडत्या लेन्सचे हेच झाले.

आणि आपला समुद्र! आरसा नसल्याने लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो. काही कॅमेरे बंद केल्यावर त्यावर पडदा ओढतात, सगळेच नाहीत. किनाऱ्यावरच्या वाळूत आणि खाऱ्या वाऱ्यात लेन्स बदलूच नये.

मग नवा घेऊच नये का? तसे नाही. पांढऱ्या साडीमुळे कॅमेऱ्याचे मोजमाप फसते आणि चेहरा काळवंडतो. आपल्या किती लग्नांचे अल्बम असे बिघडले आहेत! नव्या कॅमेऱ्यात हे बटण दाबण्याआधीच दिसते. डोळा ओळखून तो फोकसही करतो. काळही त्याच दिशेला गेला आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०२० मध्ये आपल्या छायाचित्रकारांसाठी सोनीचे मिररलेस कॅमेरे स्वीकारले.

मी कारकून माणूस, म्हणून हिशेबाचे सांगतो. या धंद्यातल्या आपल्या मुलांनी हप्ता ठरवताना नुसती कॅमेऱ्याची किंमत धरू नये. अ‍ॅडॉप्टर, दोन जादा बॅटऱ्या आणि कार्ड त्यात धरावे. पंधरा दिवस घरच्यांचे फोटो काढून हात बसवावा, मगच सुपारी घ्यावी. आणि पहिला हंगाम संपेपर्यंत जुना कॅमेरा विकू नये. त्याचे पैसे थोडेच येतात, पण अडीअडचणीला तो धावून येतो.

भाचा आता लग्नाला दोन्ही कॅमेरे नेतो. हार घालताना शटरचा खटखट आवाज होतो. होऊ द्या.