बर्फातला बूट कोणाच्या अकलेचा?

जून २०२५ मध्ये इटलीच्या मिलान शहरात प्राडा या कंपनीने आपल्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दाखवली. कोल्हापूरचे नाव मात्र घेतले नाही. गदारोळ झाला, तेव्हा मूळ भारतीय असल्याचे कंपनीने मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. सुमारे दोन हजार जोड, एका जोडाची किंमत आठशे युरोंच्या आसपास, असे जाहीर झाले. आपल्याकडे अनेकांना आनंद झाला. काम मिळत असेल तर आम्हालाही आनंद आहे. पण आमचा प्रश्न वेगळा आहे.

चप्पल ही उन्हाळ्याची वस्तू. युरोपात हिवाळा सुरू झाला की ती कपाटात जाते आणि मऊ कातड्याचे उबदार बूट बाहेर येतात. खरा बाजार तिथे आहे. हा हिवाळी बूट कोण घडवणार? त्याचा विचार, त्याची आखणी, त्याचे माप कोण ठरवणार? ज्या समाजाने शेकडो वर्षे कातडे हाताळले, त्याच्याकडे हे काम कोणी घेऊन येत नाही. का येत नाही, हे तपासले पाहिजे.

आधी हा बूट समजून घेऊ. जाड कातडे घेतले की थंडी अडते, हा गैरसमज आहे. बर्फात पायाचा पहिला शत्रू ओलावा. बाहेरचा ओलावा आणि आतला घामही. प्लास्टिकच्या बंद बुटात घाम कोंडतो, मोजा भिजतो आणि पाय गारठतो. मऊ कातडे घाम बाहेर जाऊ देते. दुसरी गोष्ट, बूट घट्ट असेल तर रक्त फिरत नाही, म्हणून आत थरांना आणि हवेला जागा ठेवावी लागते. ऊब देते ती अडकलेली हवा. तिसरी गोष्ट, तळ मऊ असला की पाऊल वाकते, स्नायू हलतात आणि पाय गरम राहतो. शिवाय कोरडी थंडी वेगळी, ओली थंडी वेगळी. कडक कोरड्या थंडीला चालणारे कातडे वितळत्या बर्फात कामाचे नाही. ही सगळी आखणी म्हणजे शास्त्र आहे.

हे शास्त्र कोणी शोधले? पॅरिस-मिलानच्या कारागिरांनी नाही. कॅनडातील क्री आणि डेने लोकांनी मूस हरणाचे कातडे मेंदूचा लगदा चोळून मऊ केले आणि मग धुरावर धरले. धुरी दिलेले कातडे भिजून वाळले तरी कडक होत नाही. इन्युइट स्त्रियांनी सीलच्या कातड्याचे कामिक नावाचे बूट शिवले. त्यांची सुई कातड्याच्या आरपार जात नाही, अर्ध्या जाडीतूनच फिरते. धागा जनावराच्या स्नायूतंतूचा. तो भिजला की फुगतो आणि छिद्र बुजवतो. पाणी आत येत नाही. उत्तर युरोपातील सामी लोक रेनडियरच्या पायाच्या कातड्याचे बूट करतात. तळव्याचे केस दोन विरुद्ध दिशांना ठेवतात, म्हणजे पाय घसरत नाही. मोज्याऐवजी आत वाळलेले गवत भरतात आणि रात्री ते काढून सुकवतात. आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला, हे शाळेत शिकवतात. त्याआधी १९०३ ते १९०५ या काळात तो नेत्सिलिक इन्युइट लोकांमध्ये राहून कातड्याच्या पोशाखाचे ज्ञान शिकला होता, हे किती शाळांत शिकवतात?

पुढे तेच झाले जे आपल्याकडे होते. आदिवासींचे ज्ञान फॅशन बनले आणि आदिवासी मागे राहिले. १९९९ मध्ये एका मोठ्या अमेरिकन फॅशन कंपनीची माणसे उत्तर कॅनडात जुने इन्युइट पोशाख विकत घेत फिरली, तेव्हा पाउक्टूटिट ही इन्युइट स्त्रियांची संघटना जागी झाली. मूल पाठीवर घेण्याचा त्यांचा अमाउटी हा पोशाख कोणा एकीचा नाही, सर्व इन्युइट स्त्रियांचा सामूहिक वारसा आहे, अशी कायदेशीर मांडणी त्यांनी २००१ च्या सुमारास केली. १९९७ मध्ये विनिपेगमध्ये मेटी समाजातील एका उद्योजकाने मकलक नावाच्या पारंपरिक हिवाळी बुटांची स्वतःची कंपनी उभी केली. लढाई संपलेली नाही. पण तिथला कारागीर 'हे ज्ञान आमचे आहे' असे मान वर करून म्हणतो. आपल्याकडे काय?

आपल्याकडे ढोर समाजाने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावण्याची विद्या जपली. चर्मकाराने रापी आणि आरीच्या बळावर खिळा न ठोकता टिकणारी चप्पल घडवली. हे ज्ञान इन्युइट स्त्रीच्या ज्ञानापेक्षा कमी नाही. फरक एवढाच, की तिच्या शेजाऱ्याने तिला त्या कामासाठी अस्पृश्य ठरवले नाही. इथे जातिव्यवस्थेने हात वापरले आणि त्या हातांची अक्कल नाकारली. जातिव्यवस्था म्हणजे श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच सांगितले. ज्याला शाळेत येऊ दिले नाही, त्याने नवा बूट आखायचा कसा? आणि जो शाळेत शिकला, तो बाटण्याच्या भीतीने कातड्याला हात लावीना. ज्ञान एकीकडे आणि काम दुसरीकडे, अशी फाळणी झाली.

कोणी म्हणेल, कोल्हापुरात बर्फ कुठे पडतो? खरे आहे. पण याच देशात लडाख आहे, सियाचीन आहे. महालेखापरीक्षकांचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत आला. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात अतिउंच भागातील जवानांना बर्फातले बूट पुरवले गेले नाहीत, असलेलेच बूट पुन्हा वापरावे लागले, असे त्यात नमूद आहे. खरेदीतली दिरंगाई हे कारण झाले. पण लाखो चर्मकारांच्या देशाला आपल्या जवानाच्या बुटासाठी वाट पाहावी लागते, ही नामुष्की दिरंगाई या एका शब्दाने झाकता येणार नाही. दुसरीकडे बिहारमधल्या हाजीपूरला रशियन कंपन्यांसाठी बूट शिवले जातात, हे २०२४ मध्ये सर्वांनी वाचले. बूट हलका हवा, घसरू नये, उणे ४० अंशांत टिकावा, अशी मागणी तिकडून येते आणि इकडचे कामगार, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, ती पूर्ण करतात. म्हणजे आपल्या हाताला हे काम येते. प्रश्न आखणीच्या टेबलावर कोण बसते याचा आहे.

इथे आपल्याच घरातली एक गोष्ट बोलली पाहिजे. बाबासाहेबांनी महाडला १९२७ मध्ये मेलेली ढोरे ओढण्याचे आणि मृतमांस खाण्याचे सोडायला सांगितले. ते योग्यच होते. जन्माने लादलेले घाणेरडे काम सोडणे हीच मुक्तीची पहिली पायरी होती. जुलै २०१६ मध्ये उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना बांधून मारले, तेव्हा गुजरातमधील आपल्या बांधवांनीही तोच मार्ग धरला. पण काम लादणाऱ्या व्यवस्थेला नकार देता देता आपल्यातले काही जण कातड्यालाच आणि कातडे कमावणाऱ्या बांधवालाच नाक मुरडू लागले. हे नाक आपले नाही, ते मनूचे आहे.

बुद्धाच्या विनयात तर चम्मक्खन्धक हे चामड्यावरचे स्वतंत्र प्रकरण आहे. चंक्रमण करताना सोण कोळिविसाचे पाय रक्ताळले, तेव्हा तथागतांनी पादत्राणांना परवानगी दिली. पुढे अवंतीसारख्या खडबडीत प्रदेशात अनेक थरांची पादत्राणेही मान्य केली. जशी जमीन, तसे पादत्राण. विटाळाचा विचार त्यात कुठेही नाही.

म्हणून 'परंपरागत कारागीर' म्हणून कोणी पाठ थोपटली तर आम्ही हुरळून जाणार नाही. बापाचा धंदा मुलाने करावा, हा वर्णव्यवस्थेचाच गोड आवाज आहे. कोणत्याही जातीच्या मुलाने यावे, कातड्याचे रसायन आणि पायाची रचना शिकावी. चेन्नईला केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, पादत्राणांच्या आखणीची केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था आहे. तिथे आपल्या मुली-मुलांच्या राखीव जागा भरतात का, शिष्यवृत्ती वेळेवर मिळते का, हे संघटनांनी तपासावे.

आता कायद्याचे. कोल्हापुरी चपलेला मिळालेले भौगोलिक मानांकन नावाचे आणि प्रदेशाचे रक्षण करते, आकाराचे नाही. ते दोन राज्यांच्या महामंडळांच्या नावे आहे. म्हणूनच काही वकिलांनी केलेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. नोंदणीकृत मालक पुढे आलेले नाहीत, मग तुम्ही कोण, असा तो मुद्दा होता. पण याच कायद्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्या कारागिरालाही दाद मागता येते. ही नोंदणी प्रत्येक वस्तीत झाली पाहिजे. दुसरे, डिझाइन कायदा २०००. आपल्या एखाद्या मुलीने मऊ कातड्याचा नवा हिवाळी बूट आखला, तर त्याची नोंद करता येते. दहा वर्षे आणि पुढे आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. अट एकच, आखणी नवी हवी आणि आधी उघड झालेली नको. व्यापाऱ्याला नमुना दाखवून मग वकिलाकडे याल तर उशीर झालेला असेल. आधी नोंदणी, मग प्रदर्शन, हे घराघरात सांगा.

दोन हजार जोडांची मजुरी मिळेल, ती घ्यावी. पण मजुरीवर समाधान मानणारा समाज पुढच्या हिवाळ्यातही दुसऱ्याच्या मापानेच शिवत राहील. माप आपण घ्यायचे, आखणी आपण करायची आणि कागदावर नावही आपलेच लावायचे. हात आपला होताच. आता अक्कलही आपली आहे, हे नोंदवून घेण्याची वेळ आली आहे.

जयभीम!