गांवाचें मैदान

गोल्फ हा धनवंतांचा खेळ, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. कुंपण, पहारेकरी आणि सभासदत्वाची जबर फी एवढेंच त्याचें रूप लोकांच्या दृष्टीस पडतें. म्हणून या समजुतीस आम्ही दोष देत नाहीं. परंतु हा खेळ जेथें वाढला, त्या स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज या गांवाची हकीकत आमच्या वाचकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी. खेळ महाग नसतो. खेळावयाची जागा मूठभरांच्या हातीं गेली म्हणजे तो महाग होतो, हें त्यावरून दिसून येईल.

समुद्रकांठच्या त्या वालुकामय माळावर खेळण्याचा गांवकऱ्यांचा हक्क १५५२ सालीं आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या सनदेनें मान्य झाला. पुढें १७९७ सालीं पैशाच्या अडचणींत सांपडलेल्या नगरसभेनें तो माळ हातचा घालविला, आणि तेथें व्यापारासाठीं ससे पाळले जाऊं लागले. सशांनीं मैदान पोखरलें; खेळणारे व ससेवाले यांचा तंटा कित्येक वर्षें चालला. १८२१ सालीं जेम्स चीप या जमीनदारानें जागा विकत घेऊन खेळ वांचविला. १८९४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें ती नगराकडे परत आली, आणि १९७४ पासून एक विश्वस्त मंडळ तिची व्यवस्था पाहतें.

आज तेथें सात मैदानें आहेत. परगांवच्या पाहुण्यास सर्वांत जुन्या मैदानाची फी भारी पडते, हें खरें. परंतु रहिवाशांस वार्षिक वर्गणींत खेळतां येतें, आणि मुलांसाठीं व नवशिक्यांसाठीं नऊ खळग्यांचें एक लहान मैदान निराळें राखलें आहे. मोठे सामने वगळतां रविवारीं जुन्या मैदानावर खेळ बंद असतो. त्या दिवशीं लोक तेथें मुलाबाळांसह फिरावयास जातात.

या खेळांत आणखीही एक शिक्षण आहे. अठरा खळग्यांचा फेरा पायीं पुरा करण्यास सुमारें चार तास लागतात, आणि एरव्हीं बरोबर पंच नसतो. आपले फटके आपणच मोजावयाचे, उखडलेलें गवत पुन्हां जागीं बसवावयाचें, वाळूंत उमटलेलीं पावलें सारखीं करून पुढें जावयाचें. १९२५ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेंत बॉबी जोन्स याचा चेंडू फटक्यापूर्वीं किंचित् हालला. तें दुसऱ्या कोणाच्या लक्षांत आलें नव्हतें. तरी त्यानें स्वतः होऊन एका फटक्याचा दंड घेतला. अखेर बरोबरी झाली, आणि फेरसामन्यांत तो हरला. त्या एका फटक्यानें त्याचें विजेतेपद गेलें, परंतु त्याची कीर्ति आजही टिकून आहे.

गोल्फला विस्तीर्ण जमीन व पुष्कळ पाणी लागतें. आपल्या अवर्षणाच्या मुलखांत तशीं मैदानें करावीं, असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हुतूतू असो कीं क्रिकेट असो, गांवाची मोकळी जागा गांवाचीच राहावी. आपल्याकडे ससे येणार नाहींत. इमारती व मोटारींचे तळ येतील. पालकहो, तेव्हां गप्प बसूं नका. आणि विद्यार्थीमित्रांनो, मैदान सर्वांचें आहे म्हणून तें कोणाचेंच नाहीं असें समजूं नका. ज्यानें गवत उखडलें, त्यानेंच तें बसवावें; कोणी पाहत नसतांनाही बसवावें.