पान्हा आणि मीटिंग

धार-देवासच्या मराठी घरांत बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर अजूनही मिळते. पण रजा संपली की त्याच लेकीसुना आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून इंदूर-पुण्याच्या मीटिंगला बसतात. माइक म्यूट, कॅमेरा बंद, ओढणीखाली पंप, आणि मोटारीची घरघर कुणाला ऐकू तर जाणार नाही ना, ही धाकधूक. दूध वेळेवर काढलं नाही तर छाती दगडासारखी होते, गाठी धरतात, हळूहळू दूधच कमी होतं. आणि घाईत, ताणात पान्हा फुटत नाही, तो वेगळाच पेच. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली खरी, पण त्यातले ८ बाळंतपणाआधी घेतले तर उरतात १८, म्हणजे जेमतेम चार महिने. निव्वळ अंगावरचं दूध पाजायचं ते सहा महिने! मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुटी देण्याची तरतूद तर १९६१ च्या मूळ कायद्यापासून आहे. किती साहेबांना ठाऊक असेल? देवासच्या किंवा धार जिल्ह्यातल्या पीथमपूरच्या कारखान्यात उभ्याने काम करणारीला तर ओढणीचाही आडोसा नाही. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चारेक तास टिकतं. माळव्यातल्या मे महिन्यात तेवढाही भरवसा नको. तेव्हा मालकहो, आतून कडी लागेल अशी खोली आणि छोटा फ्रिज द्या, आणि त्या दोन वेळांना मीटिंग लावू नका.