शॉकअपला डोकं आणि पाय असतात

गेल्या पावसाळ्यात आमच्या पिकअपचे मागचे दोन्ही शॉकअप हायवेवरच्या एका गॅरेजात बदलून घेतले. गाडी नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाटाने वाशीला जाते. तीन आठवडे झाले नाहीत तोच ड्रायव्हर म्हणाला, "दादा, गाडी मागून मारते. रिकामी असली की मागचं चाक रस्त्यावर टेकतच नाही."

जॅक लावून खाली शिरलो. दोन्ही शॉकअप उलटे बसवलेले होते, दांडा खाली आणि नळकांडं वर. दांड्याला धुळीपासून वाचवणारी पत्र्याची टोपी छत्रीसारखी वरून खाली यायला हवी. इथे ती पेल्यासारखी वर तोंड करून उभी होती. शॉकअप काढून आडवा धरला तेव्हा त्या पेल्यातून गढूळ पाणी सांडलं, मग चिखल आला आणि शेवटी बारीक खडी निघाली. पुसल्यावर दांड्याच्या चकचकीत क्रोमवर उभे ओरखडे दिसले. सीलच्या कडेला तेल पाझरलेलं होतं.

मिस्त्रींना दाखवलं. त्यांचं उत्तर होतं, "दोन्ही टोकांना सारखाच बुश आहे. कसाही बसवा, काम तेच करणार." हे वाक्य मी आजवर किती गॅरेजांत ऐकलंय याची गणती नाही. बोलणारी माणसं कामात कुचराई करणारी नसतात, हे मिस्त्रीही नव्हते. पण वाक्य चूक आहे, आणि त्याच्या भरवशावर माल, टायर आणि माणसं घाट उतरतात. म्हणून ते खोडून काढायला हवं.

समोरच्याची बाजू आधी नीट मांडतो. शॉकअप म्हणजे तेल भरलेली नळी, तिच्यात भोकं असलेला पिस्टन. वर ढकला की तेल भोकांतून खाली जातं, खाली ओढा की वर येतं. पाट्याने (लीफ स्प्रिंगने) साठवलेली उसळी तेलाच्या घर्षणात जिरते आणि तिची उष्णता होते. तेलाला डावं-उजवं, वर-खाली कळत नाही. मग दिशेचा संबंध येतो कुठे?

दांड्यापाशी येतो. पिस्टन नळीत शिरतो तेव्हा त्याच्यामागून दांडाही शिरतो आणि जागा व्यापतो. तेल दाबून लहान होत नाही. तेव्हा दांड्याने व्यापलेल्या जागेइतकं तेल कुठेतरी बाहेर जावंच लागतं. आपल्या पिकअपना आणि ट्रकना सर्रास असतात त्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये हे तेल तळाच्या झडपेतून बाहेरच्या नळीत जातं. या बाहेरच्या नळीत खाली तेल आणि वर हवा किंवा कमी दाबाचा नायट्रोजन असतो. दांडा बाहेर निघाला की तेवढंच तेल त्याच झडपेतून परत आत ओढलं जातं. ही झडप कायम तेलात बुडालेली असते ती केवळ गुरुत्वाकर्षणामुळे. वायू आणि तेल यांच्यामध्ये ना पडदा असतो ना भिंत.

आता हाच शॉकअप उलटा करा. झडप माथ्यावर गेली आणि वायूही माथ्यावर आला. दांडा बाहेर निघतो तेव्हा झडप तेलाऐवजी वायू ओढते. पुढच्या धक्क्याला पिस्टन आधी तो वायू दाबत बसतो. वायू मऊ असल्याने तेवढी चाल फुकट जाते आणि तेल आवळतं ते उशिरा. खड्ड्यातून चाक वर येतं ते नेमक्या त्याच वेळी. ड्रायव्हर 'मागून मारते' म्हणत होता ते हेच. खात्री करायची असेल तर खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला जपून हात लावा. उसळी जिरवणारा शॉकअप तापलेला असतो. आमचे दोन्ही जवळपास गारच होते.

यावर एक जाणकार प्रश्न येतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. शर्यतीच्या आणि डोंगर-वाळवंटातल्या गाड्यांना शॉकअप मुद्दाम उलटे लावतात, त्याचं काय? लावतात, आणि बरोबर लावतात. पण तो शॉकअप वेगळा. एकाच नळीचा. फ्रान्सचे क्रिस्तियां बूर्सिए द कार्बों यांनी त्याची जी रचना घडवली तिच्यात तेल आणि वायू यांच्यामध्ये एक सरकता पिस्टन असतो. जर्मनीच्या बिल्स्टाइनने तो १९५७ मध्ये मर्सिडीझ-बेंझच्या कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांत आणला. त्यातला नायट्रोजन साधारण २० ते ३० बार दाबाचा असतो, म्हणजे पिकअपच्या टायरमधल्या हवेच्या पाच-सहा पट. वायूची वाट अशी बंद असल्यामुळे हा शॉकअप उभा, आडवा, उलटा कसाही चालतो. उलटा लावण्यात फायदाही आहे. जड नळी चासीकडे जाते आणि चाकाबरोबर उसळणारं वजन घटतं. तिथली शहाणी रीत दुहेरी नळीला लावली की तीच घातक ठरते. स्टिअरिंगचा डॅम्पर आडवाच असतो, हेही मला ऐकवलं गेलं. रेल्वेच्या एलएचबी डब्यांच्या बोगीवरही आडवे डॅम्पर असतात. ते सगळे आडव्या कामासाठीच बांधलेले असतात. बांधणीत त्याची सोय केली म्हणून ते तसे चालतात.

दुसरा समज तिरपेपणाचा. 'शॉकअप जास्त तिरपा करा, गाडी मऊ चालेल' असं सांगून चासीवरचं ब्रॅकेट वेल्डिंगने सरकवणारे मी पाहिले आहेत. गाडी मऊ वाटते हे खरं, पण ती कशाच्या बदल्यात, हे कुणी मालकाला सांगत नाही. शॉकअप उभ्या रेषेपासून कलला की चाकाच्या चालीचा एक हिस्साच त्याच्या वाट्याला येतो. शिवाय त्याच्या जोराचाही एक हिस्साच उभ्या दिशेने लागतो. म्हणजे घट दोनदा होते, आणि हिशेब कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने चालतो. १० अंशांना ९७ टक्के आवर उरतो, ३० अंशांना ७५ टक्के आणि ४५ अंशांना निम्माच. निम्म्या आवरावर भरलेली गाडी वळणात आधी एका बाजूला झुकते, मग दुसऱ्या बाजूला, आणि तिचं डोलणं लवकर थांबत नाही. थोडा कल मात्र दोष नव्हे. वरचं टोक चासीच्या आत झुकलेलं आणि खालचं टोक चाकाच्या जितकं जवळ मिळेल तितकं जवळ, ही मांडणी समजूनच केलेली असते. एकच चाक खड्ड्यात गेलं तर एक्सलची चाल चाकाजवळ सगळ्यात जास्त असते. आवर तिथेच हवा.

तिसरा समज मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो चांगल्या कामाला वाईट म्हणतो. काही पिकअपना मागचा एक शॉकअप एक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे असतो. 'कंपनीने जागा नव्हती म्हणून ढकललाय' म्हणत दोन्ही एका रेषेत आणणारे आहेत. ही चूक नाही, हा उपाय आहे. पाट्यांवर बसलेला एक्सल नुसता वर-खाली होत नाही. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की त्याचं घर चाकांच्या उलट दिशेला पीळ खातं आणि पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो. टायर निसटला की पीळ सुटतो, टायर धरला की परत भरतो, आणि मागचं चाक तडतडत उड्या मारतं. दोन्ही शॉकअप एकाच बाजूला असले तर वर उठणं आणि पीळ खाणं एकत्र आल्यावर नेमकी त्यांच्या जोडणीची जागा जवळजवळ स्थिर राहू शकते. एक्सल नाचतोय आणि शॉकअपला पत्ताच नाही! एक पुढे, एक मागे असले की असा कोपरा उरत नाही. एक दबतो तेव्हा दुसरा ताणला जातो, दोघेही कामाला लागतात. अमेरिकेत शेवरलेने १९६८ च्या कॅमॅरो मोटारीत पाट्यांवरच्या मागच्या एक्सलची उडी रोखायला हीच मांडणी केली होती. आदल्या वर्षीच्या मॉडेलमध्ये दोन्ही एकाच बाजूला होते.

'मोठ्या ट्रकच्या मागच्या एक्सलला कुठे शॉकअप असतात?' असंही विचारलं जातं. आपल्याकडच्या अनेक मालट्रकांना नसतात, मान्य. तिथे जाड पाट्यांची चळत असते आणि पाट्यावर पाटा घासून उसळी बरीच जिरते. पण त्याच ट्रकच्या पुढच्या एक्सलला शॉकअप असतात, कारण स्टिअरिंगची चाकं जमिनीवर टिकणं त्यावर अवलंबून असतं. जिथे बनवणाऱ्याने ते दिले आहेत, तिथे ते कोणत्या बाजूने बसवायचे हेही त्याने ठरवलेलं आहे.

आमचे शॉकअप मी पुन्हा बदलले, या वेळी बसवताना शेजारी उभा राहून. गोदामात नवा शॉकअप आडवा पडून राहिला की वायूचे बुडबुडे आतल्या नळीत शिरतात, म्हणून मिस्त्रींना तो आधी दांडा वर ठेवून उभा धरायला सांगितला आणि चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ताणून घ्यायला लावला. पहिल्या दोन दाबांना हात मोकळा गेला, मग तो जड होत गेला. तो जडपणा त्यांच्या हातालाही कळला, कारण दुसरा शॉकअप त्यांनी न सांगता तसाच उभा धरला. नळकांडं खाली, टोपीचं तोंड जमिनीकडे. बुशाचे नट आधी नुसते लावले आणि गाडी जॅकवरून उतरवून चाकांवर वजन आल्यावर मगच आवळले, नाहीतर रबर कायम पीळ खाऊन बसतं आणि लवकर फाटतं. त्याच संध्याकाळी गाडी क्रेट भरून घाटाला लागली. सकाळी वाशीहून ड्रायव्हरचा फोन आला तेव्हा मी आधी खालच्या थरातल्या मालाचं विचारलं. "शाबूत आहे दादा," तो म्हणाला.