आधी पट्टी, मग पित्त

छातीत दुखायला लागलं की आपल्याकडे पहिला आळ रात्रीच्या जेवणावर येतो. वांग्याचं भरीत नाहीतर हरभऱ्याची उसळ गुन्हेगार ठरते, ओवा चावला जातो, सोडा पोटात जातो आणि ‘आता जरा बरं वाटतंय’ म्हणत माणूस आडवा होतो. घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पित्त आपल्याकडे रोजचंच. पण दवाखान्यातही नुसती हकिगत ऐकून, पोट दाबून ‘गॅस झालाय’ म्हणत इंजेक्शन दिलं जातं, तेव्हा प्रश्न वेगळा होतो. तिशी ओलांडलेल्या माणसाच्या छातीत नव्याने दुखू लागलं असेल, तर ईसीजीची पट्टी हातात येईपर्यंत डॉक्टरने ‘गॅस’ हा शब्द उच्चारू नये, आणि ही पट्टी मध्यरात्रीही प्राथमिक आरोग्य केंद्रात निघावी, असं माझं मत आहे. रुग्ण दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी काढून वाचावा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

हा गोंधळ अडाणीपणातून होत नाही, शरीराची रचनाच तशी आहे. हृदय आणि अन्ननलिका यांच्या वेदना पाठीच्या कण्यात जवळपास एकाच पातळीवर पोहोचतात, त्यामुळे दुखणं नेमकं कुणाचं हे मेंदूलाही नीट कळत नाही. त्यात हृदयाची खालची बाजू छाती आणि पोट यांमधल्या पडद्यावर टेकलेली. तिचा रक्तपुरवठा तुटला की मळमळ, उलटी, पोटात कालवाकालव असंच काहीतरी होऊ शकतं. म्हणून ‘ढेकर आला, म्हणजे गॅसच’ हा तर्क फसवा. औषधाने बरं वाटलं की निदान पक्कं, ही समजूतही तशीच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात छातीत दुखणाऱ्या ४५९ रुग्णांना नायट्रोग्लिसरीन दिलं होतं. ज्यांचं दुखणं हृदयाचं निघालं त्यांतल्या ३५ टक्क्यांना आराम पडला, ज्यांचं नव्हतं त्यांतल्या ४१ टक्क्यांना! खास हृदयासाठीच्या औषधाने पडलेला उतार जर निदान करू शकत नसेल, तर सोड्याने पडलेल्या उतारावर किती विसंबायचं?

उशिराची किंमत तर केव्हाच मोजून झाली आहे. १९८६ साली इटलीतल्या जिसी या चाचणीत अकरा हजारांहून अधिक रुग्णांवर गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज तपासलं गेलं. पहिल्या तासाभरात दिलेल्या औषधाने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले; सहा तासांनंतर फायदा दिसेनासा झाला. दोन वर्षांनी आयसिस-२ या चाचणीत १७,१८७ रुग्णांमध्ये साध्या ॲस्पिरिनने मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी केले, आणि दोन्ही औषधं मिळून ४२ टक्क्यांनी. आता आपल्याकडे पाहा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ या नोंदणीत देशातल्या ५० शहरांमधल्या ८९ रुग्णालयांतले २०,४६८ रुग्ण होते. दुखू लागल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटं निघाला. इटलीत औषधाचा गुण जिथे संपला, तिथे आपले निम्मे रुग्ण अजून वाटेतच होते. ३० दिवसांतले मृत्यू श्रीमंतांमध्ये ५.५ टक्के, गरिबांमध्ये ८.२ टक्के. हे सहा तास सगळेच काही रस्त्यातल्या खड्ड्यांत गेले नसावेत. काही ओव्यात आणि सोड्यातही गेले असणार.

यावर पहिला आक्षेप असा की, छातीतलं बहुतेक दुखणं हृदयाचं नसतंच. बरगडीत उसण भरते, जळजळ होते, जीव घाबरा होतो. सगळ्यांचा ईसीजी काढत बसलं तर घबराट पसरेल आणि माणसं अँजिओग्राफीच्या टेबलावर ओढली जातील. ही भीती अगदीच खोटी नाही. पण तिचं मूळ पट्टीत नाही, पट्टीनंतरच्या घाईत आहे. चालताना भरून येणारं, थांबलं की थांबणारं जुनं, स्थिर दुखणं असेल, तर औषधांच्या जोडीला सरसकट स्टेंट घातल्याने माणसं जास्त वाचतात असं दिसलं नाही. ५,१७९ रुग्णांच्या ‘इस्केमिया’ चाचणीने २०२० साली हेच दाखवलं. अनावश्यक स्टेंट नाकारायला हा पुरावा पुरेसा आहे. मध्यरात्री घामाने डबडबलेल्या माणसाला तपासणी नाकारायला तो वापरता येत नाही. काही हजारांचं यंत्र, दहा वायरी, मिनिटाभराची पट्टी: यात टोचणंही नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: पट्टी सरळ आली म्हणजे धोका टळला असं नाही. दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या २००० सालच्या एका अमेरिकी अभ्यासात झटका आलेल्या ८८९ जणांपैकी १९ जणांना चुकून घरी पाठवलं गेलं होतं. हृदयाचा त्रास असूनही परत पाठवलं जाण्याची शक्यता ५५ वर्षांखालच्या बायकांमध्ये आणि नॉर्मल ईसीजी असलेल्यांमध्ये जास्त होती. म्हणून दुखणं चालू असेल तर पट्टी थोड्या-थोड्या वेळाने पुन्हा काढायची, आणि हृदयाला इजा झाल्याचं दाखवणाऱ्या ट्रोपोनिनची रक्ततपासणीही एकदाच करून थांबायचं नाही, कारण ते रक्तात चढायला वेळ लागतो. मधुमेहींमध्ये तर दुखणं नसतानाही नुसता दम लागणं पुरेसं संशयास्पद.

राहिला प्रश्न रात्री पट्टी वाचणार कोण, हा. फोटो काढून मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरला पाठवणं आज अवघड नाही. तमिळनाडूत छोटी रुग्णालयं मोठ्यांशी जोडून पाहिली, त्याचा २,४२० रुग्णांचा अहवाल २०१७ साली आला: वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर उतरले होते. अँजिओप्लास्टी दोन तासांत शक्य नसेल, तर ग्रामीण रुग्णालयात गुठळी विरघळवणाऱ्या टेनेक्टेप्लेजचं एक इंजेक्शन देऊन पुढे पाठवता येतं. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो, साधारण शंभरात एकाला; म्हणून आधीचा लकवा, अलीकडची शस्त्रक्रिया हे विचारूनच ते द्यायचं. सरकारने सुरुवातीला एवढंच करावं: छातीत दुखतंय म्हणून आलेल्या प्रत्येकाच्या केसपेपरवर दोन वेळा लिहायला लावाव्यात, रुग्ण दारात आला ती आणि पट्टी निघाली ती, आणि दर महिन्याला तालुकावार त्या जाहीर कराव्यात.