वाढीचा संदेश आणि औषधाचा हिशेब

कफ परेडच्या मच्छीमार नगरातील कोळी कुटुंबाचा हिशेब रोखठोक असतो. डिझेल, बर्फ, जाळी यांचा खर्च आधी निघतो. उरेल ते घरचे. अशा घरातील कर्त्या माणसाला मुखाचा कर्करोग झाला, की परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागते आणि औषधाची किंमत हाच जगण्यामरण्याचा प्रश्न होऊन बसतो.

कर्करोगाच्या मुळाशीही बिघडलेला हिशेबच असतो. निरोगी पेशी वाढीचा संदेश मिळाल्याविना विभागत नाही. कर्कपेशीत हा संदेश थांबतच नाही आणि ती साखर ओढू लागते. प्राणवायू असूनही ती साखर पूर्ण न जाळता तिचे लॅक्टिक आम्ल करते, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखविले. पेशीचे ऊर्जाकेंद्र निकामी झाले असावे, हा त्यांचा तर्क मात्र पुढे टिकला नाही. ते बहुधा शाबूत असते. वाढत्या पेशीला नव्या बांधणीसाठी कच्चा माल हवा असतो. पेट तपासणी याच हावरेपणाचा माग काढते. अर्थात, साखर वर्ज्य केल्याने हा रोग बरा होतो असे नव्हे.

संदेशच अडविणारी औषधे आता उपलब्ध आहेत. एर्लोटिनिब हे त्यांपैकी एक. टाटा रुग्णालयाने डोके व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगात ते दोन स्वस्त गोळ्यांसह दिले आणि निम्म्या रुग्णांना त्याच्या जोडीस निवोलुमॅब हे महागडे प्रतिकारवर्धक औषध अवघे २० मिलिग्रॅम, म्हणजे प्रचलित मात्रेच्या दहा टक्क्यांहूनही कमी, दिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

या आकड्यांचा अर्थ राज्यकर्त्यांनी ओळखला पाहिजे. कमी मात्रा पुरेशी ठरली तर विक्री घटते; म्हणून अशा संशोधनात उत्पादकाला रस असण्याचे कारण नाही. बाजार जे करणार नाही, ते सार्वजनिक पैशानेच व्हावयास हवे. पेशीचे गूढ उकलणे हा विज्ञानाचा विजय खराच. परंतु त्याचे फळ मच्छीमार नगरातील घराला होडी न विकता मिळेल, तेव्हाच तो समाजाचा विजय म्हणता येईल.