चित्रकाराचे दोन तास

चित्र काढणें ही फावल्या वेळची हौस आहे, अशी आपल्या कुटुंबांतून सर्वसाधारण समजूत आढळते. कोणी लिहीत बसला तर घर दबक्या पावलांनीं वावरतें; परंतु हातांत कुंचला धरलेला मनुष्य रिकामाच आहे असें मानून त्यास कोणीही हांक मारावी! या समजुतीचा वाचकांनीं थोडा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

प्रथम घराबाहेरचें पाहूं. वाईच्या गणपतीघाटावर जलरंगांची पेटी उघडून बसलेले चित्रकार आम्हीं अनेकदां पाहिले आहेत. सूर्य आकाशांत तासाला १५ अंश सरकतो. म्हणजे दोन तासांत ३० अंश. ज्या सावलीवर चित्राची सारी मांडणी उभी, ती तेवढ्या वेळांत पायऱ्या सोडून निघून जाते. म्हणून जाणता चित्रकार आधीं छायाप्रकाशाच्या जागा निश्चित करतो व दोनएक तासांत हात आवरता घेतो. काम उरलेंच तर दुसरे दिवशीं त्याच वेळीं पुनः येतो. त्यांत हवेची लहर निराळी. वैशाखांत देशावर रंगाचा हात कागदावर पसरतो न पसरतो तोंच वाळतो. श्रावणांत कोंकणांत तोच कागद वाळतां वाळत नाहीं. जलरंगांत पांढरा भाग म्हणजे बहुधा कोरा राखलेला कागद. तेथें रंग ओघळला कीं तें शुभ्र तेज पूर्ववत् मिळणें कठीण. आणि नेमक्या अशा क्षणीं पाठीमागें उभा असलेला कोणी गृहस्थ विचारतो, "हें केवढ्याला विकतां?"

बरें, घरीं तरी स्वस्थता असावी! युरोपांतील चित्रकारांची जुनी शिकवण अशी, कीं उत्तरेची खिडकी उत्तम. ऊन आंत न येतां एकसारखा उजेड मिळतो. आपल्याकडे हा नियम जसाच्या तसा चालत नाहीं. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत पुण्यास सूर्य दिवसभर उत्तरेकडेच असतो; तेव्हां खिडकीस पातळ पांढरा पडदा लावावा लागतो. पडद्यानें ऊन आवरतें. हांका आवरत नाहींत. दारावरची घंटा वाजली, सिलिंडर आला, कीं "तूं मोकळीच आहेस ना?" हा प्रश्न ठरलेला. तैलरंग तर हवेंतील प्राणवायु घेऊन सावकाश वाळतात. तें चित्र कित्येक दिवस धूळ आणि मुलांचीं बोटें यांपासून जपावें लागतें.

ही अडचण आजची नव्हे. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकांत दुष्यंत शकुंतलेचें चित्र पुरें करूं पाहतो. मालिनी नदी, हंसांची जोडी, हिमालयाचा पायथा काढावयाचा राहिला आहे. चतुरिका कुंचल्यांची पेटी घेऊन येत असतां राणी वसुमती ती वाटेंतच हिसकावून घेते, आणि चित्र लपविण्यासाठीं विदूषकास पळ काढावा लागतो. सम्राटाची ही दशा, तर तुमच्याआमच्या घरांतील सुनेची काय कथा?

याच्या उलट उदाहरण चित्रकार हळदणकर यांचें. ‘ग्लो ऑफ होप’ या त्यांच्या १९४५-४६ च्या सुमाराच्या जलरंगचित्रांत दिवा घेऊन उभी असलेली तरुणी म्हणजे त्यांची स्वतःची कन्या. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत तें चित्र पाहावयास लोक दुरून येतात. घरच्या माणसानें दिवा धरून उभें राहण्याचे श्रम घेतले, म्हणून तो प्रकाश कागदावर उतरला.

आमच्या हाताखालून शिकून गेलेल्या मुलींपैकीं चित्रकलेंत ज्यांना विशेष गति होती, त्यांतील कित्येकींच्या रंगपेट्या लग्नानंतर माळ्यावर गेलेल्या आम्हीं पाहिल्या. कोणी त्यांस मनाई केली होती असें नाहीं; अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे झालेल्या दिवसांत चित्र बसत नाहीं, एवढेंच. घरांतील वडीलधाऱ्यांकडे आमचें मागणें खर्चाचें नाहीं. खिडकीजवळची एक जागा असावी, जेथील पेटी कोणी उचलून ठेवणार नाहीं. आणि दिवसांतून दोन सलग तास असावेत, ज्यांत आल्यागेल्याचा चहा दुसऱ्या कोणीं करावा. सूर्य घाटावर जेवढा वेळ देतो, तेवढा घरानें घरीं द्यावयास काय हरकत आहे?